काळ्या रेतीत नसलेलं निओडिमियम

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याला गावातली माणसं काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूच्या पुळणीला पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे तेच, काळी-पांढरी आहे ती रेती. मांडवीच्या रेतीतून चुंबक फिरवला की काळ्या कणांचे झुपकेच्या झुपके त्याला येऊन चिकटतात. शाळकरी पोरांचा हा जुना खेळ. हल्ली मोठी माणसंही तो खेळतात आणि चिकटलेले कण दाखवून सांगतात, "हेच ते रेअर अर्थ. चीन ज्याच्या जोरावर जगाला नाचवतोय ते. आपल्या दारात पडलंय आणि कुणी उचलत नाही!"

ते कण रेअर अर्थचे नव्हेत. रेअर अर्थ असलंच तर ते सांगणाऱ्याच्या हातातल्या चुंबकात आहे. तेही तो चुंबक नखाएवढा, चकचकीत आणि दोन चुंबकांत बोट सापडलं तर कळ मस्तकात जाईल इतका जोरदार असेल तरच. जुन्या रेडिओच्या स्पीकरमागची काळी, जाड चकती असेल तर तीही नाही. ती फेराइटची असते, म्हणजे मुख्यतः लोखंडाच्या ऑक्साइडची.

चकचकीत चुंबकात जो रेअर अर्थ, म्हणजे दुर्मिळ मृदा धातू असतो त्याचं नाव निओडिमियम. त्याच्याकडे वळण्याआधी रेतीचा हिशेब मिटवून टाकू, कारण कोकणात या विषयावर दोन वाक्यं बोललं की तिसरं रेतीवरच येतं.

आपला बराचसा कोकण, अगदी मुंबईपासून सिंधुदुर्गाच्या उत्तर भागापर्यंत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर उभा आहे. त्या लाव्ह्याचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही दोन खनिजं विखुरलेली असतात. पहिलं लोखंडाचं, दुसरं लोखंड आणि टायटॅनियमचं. आपल्या पावसात हा दगड कुजतो, त्याचा जांभा होतो. बाकीचं बरंच काही वाहून जातं, पण हे काळे कण सहजासहजी विरघळत नाहीत. ओढ्या-नद्यांतून ते किनाऱ्याला येतात आणि पुढचं काम लाटा करतात. साध्या पांढऱ्या रेतीची घनता पाण्याच्या २.६५ पट, इल्मेनाइटची ४.७ पट, मॅग्नेटाइटची ५ पटीहून थोडी जास्त. पावसाळ्यातला खवळलेला समुद्र हलकी रेती आणि शिंपल्यांचा चुरा उचलून नेतो, जड काळे कण मागे राहतात. पावसाळ्यानंतर पुळणीवर काळे पट्टे जास्त दिसतात ते यामुळे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने काळबादेवी, मिऱ्या आणि रत्नागिरीच्या उपसागरांत या काळ्या रेतीचा अभ्यास केला आहे, पण त्यांचा रोख इल्मेनाइटवर होता. इल्मेनाइट कामाचं खनिज आहे. पांढऱ्या रंगाच्या डब्यात जो पांढरेपणा असतो तो टायटॅनियमच्या ऑक्साइडचा. पण ती गोष्ट वेगळी.

भारतात दुर्मिळ मृदा धातू मुख्यतः मोनाझाइट नावाच्या पिवळसर-तांबूस खनिजातून मिळतात. मोनाझाइट तयार होतं ग्रॅनाइट आणि नाइस यांसारख्या जुन्या, खोलवर शिजलेल्या खडकांत. बेसाल्टच्या लाव्ह्यात ते बनत नाही. केरळात चवरा, तमिळनाडूत मणवाळकुरिची, ओडिशात छत्रपूर इथली रेती अशा जुन्या खडकांतून आलेली आहे, म्हणून तिथे ते सापडतं. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ला-रेडीच्या बाजूला लाव्ह्याखालचे जुने खडक उघडे पडलेत, तरी आकडा फारसा हलत नाही. अणुखनिज संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणे देशभरच्या रेतीत १.३ कोटी टनांच्या आसपास मोनाझाइट आहे आणि त्यात अख्ख्या महाराष्ट्राचा वाटा चार हजार टनांच्या घरात. म्हणजे तीन हजारांत एक भाग. आपल्या किनाऱ्यावर खजिना पडलाय असं मानणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

आता निओडिमियम. अणुक्रमांक ६०. लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्यं, शिवाय स्कँडियम आणि यिट्रियम, अशी सतरा जणांची ही दुर्मिळ मृदा टोळी. दुर्मिळ म्हणतात खरं, पण पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशाच्या दुपटीहून जास्त आहे. अडचण दुसरीच आहे. ते एकटं कधीच सापडत नाही. जिथे असेल तिथे सेरियम, लँथनम, प्रेसिओडिमियम अशी भावकी बरोबर असते आणि ती सगळी रसायनशास्त्राच्या नजरेला जवळपास सारखी दिसतात. निओडिमियमच्या शोधाची सगळी कथा या सारखेपणाशी झालेल्या झटापटीची आहे, आणि आजचं जागतिक राजकारणही तिथेच अडकलंय.

सारखेपणा येतो कुठून? अणूची रासायनिक वागणूक ठरते त्याच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरून. या टोळीत एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना नवा इलेक्ट्रॉन बाहेर बसतच नाही, आतल्या एका कप्प्यात बसतो. बाहेरचा चेहरा तसाच राहतो. जवळपास सगळी तीन इलेक्ट्रॉन सोडून देतात, सगळ्यांचे क्षार सारखे विरघळतात, सारखे गोठतात. फरक एवढाच की क्रमाने पुढे जाताना अणूचा आकार किंचित आक्रसत जातो. इतका किंचित की एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना त्याचा सुगावा लागायलाही पिढ्या गेल्या.

सुरुवात स्वीडनमध्ये झाली. १८०३ मध्ये बर्झेलियस आणि हिसिंगर यांनी तिथल्या एका जड दगडातून सेरियमचा ऑक्साइड वेगळा काढला. जर्मनीत क्लाप्रोथ यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. पुढे कार्ल गुस्टाफ मोसांडर यांना दिसलं की हे सेरियम शुद्ध नाही. १८३९ मध्ये त्यांनी त्यातून लँथनम काढलं आणि १८४१ मध्ये डिडिमियम. हे डिडिमियम पुढे चाळीसेक वर्षं मूलद्रव्य म्हणून मिरवलं. मेंडेलीव यांच्या आवर्त सारणीतही त्याला घर मिळालं होतं. संशय मात्र वाढत होता. त्याच्या द्रावणातून प्रकाश नेला की वर्णपटात बऱ्याच काळ्या रेघा उमटत, आणि वेगवेगळ्या नमुन्यांत त्या रेघांचं आपसातलं प्रमाण बदलायचं. एकच मूलद्रव्य असतं तर असं व्हायला नको होतं. १८७९ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द बॉयबॉद्रां यांनी त्यातून समॅरियम बाहेर काढलं. उरलेलंही एकसंध नसावं, असं प्रागच्या बोहुस्लाव ब्राउनर यांना वाटत होतं.

गाठ सोडवली व्हिएन्नाच्या कार्ल आउअर यांनी, जे पुढे फॉन वेल्सबाख म्हणून ओळखले गेले. हायडेलबर्गला बुन्सेन यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे वर्णपट वाचण्यात तयार. त्यांनी डिडिमियमचा अमोनियम नायट्रेटबरोबरचा जोडक्षार घेतला आणि त्याचे स्फटिक पाडायला सुरुवात केली. क्षार पाण्यात विरघळवायचा, थोडासाच गोठू द्यायचा, गोठलेला भाग आणि उरलेलं द्रावण वेगळं करायचं. दोघांपैकी एकात एका घटकाचं प्रमाण केसभर जास्त असतं. मग दोन्ही पुन्हा विरघळवायचे, पुन्हा गोठवायचे, सारख्या प्रतीचे भाग एकत्र करायचे, आणि हेच परत परत. या कामात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, असं माझं मत. हळूहळू एका टोकाला हिरवे क्षार जमत गेले आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी-जांभळे. हिरव्याचं नाव त्यांनी प्रेसिओडिमियम ठेवलं, जांभळ्याचं निओडिमियम. साल १८८५, वय अवघं सव्वीस. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी हे मांडलं तेव्हा अनेकांनी शंका घेतली. वृद्ध बुन्सेन मात्र आपल्या विद्यार्थ्याच्या बाजूने उभे राहिले. धातू म्हणून बऱ्यापैकी शुद्ध निओडिमियम हाती यायला मात्र १९२५ साल उजाडलं.

याच आउअर यांचा दुसरा शोध कोकणाने प्रत्यक्ष वापरला, नाव माहीत नसताना. गॅसबत्तीचं मँटल. दशावताराचा रंग ज्या गॅसबत्त्यांच्या उजेडात रात्रभर चालायचा, लग्नाच्या वरातीत माणसं ज्या डोक्यावर घेऊन चालायची, त्यांच्यातलं ते पांढरं जाळीदार बोंड. दुर्मिळ मृदांचे ऑक्साइड ज्योतीत धरले की झगझगीत उजळतात हे आउअर यांनी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. सुती जाळी त्या क्षारांत बुडवून जाळली की धागा जळून जातो आणि ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा उरतो. नवं मँटल एकदा जाळून घेतल्यावर त्याला बोट लावायचं नाही, हे ज्यांनी गॅसबत्ती पेटवली आहे त्यांना सांगायला नको. १८९१ मध्ये त्यांना योग्य मिश्रण सापडलं, ९९ टक्के थोरियमचा ऑक्साइड आणि एक टक्का सेरियमचा. थोरियम मिळायचं मोनाझाइटमधून. म्हणून जगभर मोनाझाइटचा शोध सुरू झाला, आणि १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला ते त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या रेतीत सापडलं. भारतातल्या मोनाझाइटची कहाणी सुरू झाली ती अशी, सुंभाच्या भेंडोळ्यातून.

थोरियम काढून घेतल्यावर उरणारा सेरियम, लँथनम, निओडिमियमचा ढीग कुणाला नको होता. आउअर यांनी त्याचंही काहीतरी करून दाखवलं. १९०३ मध्ये त्यांनी हा मिश्र धातू लोखंडात मिसळून त्याचा चकमकीचा खडा केला. सिगारेट पेटवायच्या लायटरचं चाक फिरवल्यावर उडते ती ठिणगी त्याच खड्याची, आणि त्यात थोडं निओडिमियमही जळत असतं.

स्वतः धातू म्हणून निओडिमियम दिसायला चांदीसारखं, घनता पाण्याच्या सात पट, वितळणबिंदू हजार अंश सेल्सियसच्या थोडा वर. उघड्यावर ठेवलं की काळवंडतं. लोखंडाचा गंज जसा पापुद्रे सोडतो तसाच याचाही ऑक्साइड सुटून पडतो आणि खालचा ताजा धातू पुन्हा हवेला लागतो. ॲल्युमिनियमसारखा स्वतःच स्वतःवर संरक्षक थर धरण्याचा गुण याच्यात नाही.

रंगाच्या बाबतीत मात्र हे मूलद्रव्य बहारीचं. आतल्या कप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांवर बाहेरच्यांचं आवरण असल्यामुळे ते प्रकाशातल्या अगदी नेमक्या छटा गिळतात. काचेत निओडिमियम घातलं की ती पिवळा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडवते. अशी काच उन्हात जांभळट दिसते आणि ट्यूबलाइटखाली निळसर. काच फुंकणारे कारागीर निओडिमियम-प्रेसिओडिमियमच्या काचेचे चष्मे घालतात, कारण तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा झगझगाट येतो आणि तो या काचा नेमका गाळतात. १८४१ चं ते डिडिमियम मूलद्रव्य म्हणून बाद झालं, पण या चष्म्यांच्या नावात अजून टिकून आहे.

दुसरा उपयोग घरोघरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकू येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष-दोन वर्षांत पुन्हा धुरकट दिसायला लागतं आणि डॉक्टर म्हणतात, "एकदा लेझर मारून घेऊ." ऑपरेशनमध्ये नैसर्गिक भिंगाची पिशवी मागे ठेवलेली असते, तिचा मागचा पडदा गढूळ होतो. त्याला भोक पाडणारा लेझर म्हणजे यिट्रियम-ॲल्युमिनियमच्या स्फटिकात निओडिमियम मिसळलेला लेझर, १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालेला. त्याचा किरण अवरक्त असतो, डोळ्याला न दिसणारा. काम पाच-दहा मिनिटांचं, टाका-पट्टी काही नाही.

पण निओडिमियमचं नाव आज जगाच्या तोंडी आहे ते चुंबकामुळेच. १९७० च्या दशकात जोरदार चुंबक म्हणजे समॅरियम आणि कोबाल्टचे. १९७८ मध्ये झाईरच्या (आजच्या काँगोच्या) खाणपट्ट्यात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि कोबाल्टशिवाय जमेल का याचा शोध सुरू झाला. स्वस्त पर्याय होता लोखंड. जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघांनीही एकमेकांना न सांगता निओडिमियम, लोखंड आणि थोडं बोरॉन हेच मिश्रण गाठलं आणि १९८३ च्या नोव्हेंबरात पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत ते जाहीर केलं. सागावांनी भुकटी दाबून-भाजून चुंबक केला, क्रोट यांनी वितळलेला धातू झटकन गार करून. स्फटिकातलं प्रमाण दोन्हींत एकच: निओडिमियमचे २ अणू, लोखंडाचे १४, बोरॉनचा १.

इथे एक गंमत आहे. शुद्ध निओडिमियम खोलीच्या तापमानाला चुंबक नसतंच. मग ते करतं काय? रापण ओढताना पाहिलं असेल. दोराला माणसं भरपूर असली तरी प्रत्येक जण आपल्या दिशेला ओढू लागला तर जाळं हलत नाही. चुंबकात ओढणारे हात लोखंडाचे. निओडिमियम त्यांना एका दिशेला जखडून ठेवतं आणि ती दिशा सुटू देत नाही. त्याच्या त्या आतल्या कप्प्यातल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. स्फटिकात तो एकाच अंगाने आरामात बसतो. त्याला वळवायचं तर भारी जोर लावावा लागतो आणि त्याच्याशी बांधलेलं लोखंडही मग वळत नाही. बोरॉनचं काम म्हणजे हा स्फटिक जमवून देणं. या मेळाचा परिणाम असा की त्याच आकाराच्या फेराइटच्या मानाने यात सुमारे दहापट चुंबकीय ऊर्जा साठते. इअरफोन कानात मावतो, हार्ड डिस्क हातात मावते, विजेच्या स्कूटरची मोटर चाकात मावते, ती या दहापटीमुळे. पवनचक्क्यांचा एक प्रकार तर असा आहे की एका मेगावॉटमागे सहाशे किलोच्या आसपास असा चुंबक लागतो.

दोष दोन. पहिला उष्णता. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेला की जोर हरवू लागतो, आणि ३१० अंशांच्या आसपास चुंबकत्व पूर्ण मावळतं. गाडीच्या मोटरमध्ये ८० अंश म्हणजे काहीच नाही, म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालावं लागतं. हे टोळीतले जड आणि खरोखरच दुर्मिळ सदस्य. आपल्या मोनाझाइटमध्ये ते अगदी नावापुरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने निर्यातीवर बंधनं घातली तेव्हा यादीत निओडिमियमचं नाव नव्हतं, डिस्प्रोसियम आणि टर्बियमचं होतं. तरीही चुंबक अडकले, त्याचं कारण हे.

दुसरा दोष कोकणवाल्यांच्या जास्त ओळखीचा, खारी हवा. चुंबकाच्या कणांमधल्या सांध्यांत निओडिमियम जास्त असतं आणि दमट हवेत तेच आधी गंजतं. वरचा निकेलचा मुलामा जरासा उडाला की चुंबक फुगतो, मग राखाडी भुकटी होऊन झडतो. फ्रीजवर लावायचे किंवा पाकिटाचे चुंबक इथे किनाऱ्यावर लवकर कामातून जातात ते उगाच नाही. होडीवर वापरायचा असेल तर प्लॅस्टिक किंवा रबरात बंद केलेलाच घ्यावा, आणि होकायंत्रापासून हातभर तरी लांब. तांडेलाला हे सांगायची गरज नसते. सुट्टीत होडीवर मोबाइलचा चुंबकी स्टँड घेऊन चढणाऱ्या पाहुण्यांना असते.

आता राजकारणाचा भाग, थोडक्यात. मोनाझाइटमधल्या या टोळीला आजही वेगळं करावं लागतं. आउअर यांच्या स्फटिकांच्या जागी आता आम्लाचं द्रावण आणि केरोसिनसारखं तेल एकमेकांत घुसळून पुन्हा वेगळं होऊ देतात. दर वेळी किंचित फरक पडतो, म्हणून अशा टाक्या शेकड्यांनी ओळीने लावतात. पाठीमागे आम्लाचं सांडपाणी, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने किरणोत्सर्गी गाळ. चीनने हे अनेक दशकं मोठ्या प्रमाणावर केलं, बाकीच्यांनी ते घाणेरडं आणि न परवडणारं काम म्हणून सोडलं. आज जगातले सुमारे ९० टक्के निओडिमियम चुंबक तिथे बनतात. भारतात इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी १९५० पासून आहे आणि केरळात आलुव्याला १९५२ पासून कारखाना. ऑक्साइड आपण काढतो. ऑक्साइडपासून धातू आणि धातूपासून चुंबक ही पुढची साखळी मोठ्या प्रमाणावर उभी राहिलेली नाही, म्हणून केंद्र सरकारने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये वर्षाला ६,००० टन चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. शिवाय मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली येतं. पुळणीवरून पोतं भरून नेऊन विकण्यासारखी ती वस्तूच नव्हे.

शेवटी घरातल्या चुंबकांबद्दल एक गोष्ट, कारण पोरं ते खेळण्यांतून आणि जुन्या हार्ड डिस्कमधून काढतात. लहान मुलाने असा एक चुंबक गिळला तरी डॉक्टरांना दाखवावं. दोन किंवा जास्त गिळले असतील, किंवा एक चुंबक आणि एखादा लोखंडी तुकडा, तर सकाळची वाट पाहू नये. आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटीत सापडते आणि तिला भोक पडतं. सुरुवातीला मूल नुसतं उलट्या करतं, पोट दुखतंय म्हणतं, आणि घरचे अपचन समजतात. केळं खायला घालून बाहेर पडेल म्हणत बसू नये. थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठावं आणि सांगताना 'चुंबक' हा शब्द आधी सांगावा.